धाकट्याने बांधलेलं छप्पर

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोपटाचा झोपाळा आला असेल, पण मी तसला नाही. मी बुटांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा, चारी बाजूंनी आरपार दिसणारा, वर तेवढी तारेची जाळी. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा काचेसारखा स्वच्छ होतो. आता पिवळा पडलोय, कोपऱ्याला तडा गेलाय आणि पुढच्या आठवड्यात मला मोडीत काढणार आहेत. त्याआधी हे सांगून टाकतो. असं काही पाहिलं की ते पोटात ठेवून जाववत नाही.

मी एका प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे नवी औषधं माणसांना देण्याआधी उंदरांना देऊन बघत. पांढरे, अंगठ्याएवढे उंदीर. माझ्यासारखे दोनशे डबे मांडण्यांवर ओळीने बसलेले असत, आणि आमची सगळी व्यवस्था एका बाईंकडे होती. त्यांना लहानथोर सगळे मावशी म्हणत. जिभेने फटकळ, हाताने मऊ. स्वच्छतेचं मात्र वेड. दर बुधवारी त्या उंदरांना एका टोपलीत ठेवायच्या, माझ्यातलं सगळं उपसून टाकायच्या, गरम पाण्याने मला घासायच्या आणि वाळवून नवा भुसा घालायच्या. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे साहेब त्यांना आधी आमच्याच खोलीत आणत. मग काय, मीही जरा चढून गेलो होतो.

माझ्यात असायचं काय? भुसा, खाणं, पाण्याची बाटली. बस्स. उंदीर यायचे आणि दिवसभर गोल गोल फिरायचे, नाहीतर जाळीची तार कुरतडत बसायचे. मला वाटायचं, ही जातच मेली भिरभिरी.

मग जनावरांच्या नव्या डॉक्टर आल्या. वयाने लहान, बोलणं कमी. माझ्यापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. माझ्यात तेव्हा तीन भाऊ होते. माझ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांचे नुसते आकडे होते, पण मावशी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणायच्या.

"यांना दिवसभर करायला काहीच नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ही खोली आपल्याला बरी वाटते, पण यांना थंडी वाजते." त्यांनी कागदाच्या पट्ट्यांची मूठ माझ्यात सोडली.

"अहो, हा पसारा कशाला? उपसायचा मलाच ना?" मावशी कुरकुरल्या.

धाकट्याने एक पट्टी दातात धरली आणि ओढत कोपऱ्यात नेली. मग दुसरी. मग दातांनी त्यांचे तंतू काढले, मधे बसून स्वतःभोवती गिरकी घेतली, भिंत उभी केली. थोरला आणि मधला पट्ट्या आणून देऊ लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, वर छप्पर, बाजूला बोटभर दार आणि आत तीन जण एकमेकांना चिकटून गाढ झोपलेले! कुणी शिकवलं त्याला? त्याची आई या खोलीत जन्मली, आजीही इथेच जन्मली. घरटं कुणी पाहिलंच नव्हतं. तरी ते त्या एवढ्याशा डोक्यात कुठेतरी होतं. मी आयुष्यभर स्वतःला घर समजत होतो, आणि घर म्हणजे काय ते मला एका उंदराने दाखवलं. त्यांचं गोल फिरणंही कमी झालं. तेव्हा कळलं की भिरभिरी जात नव्हती, मी रिकामा होतो. मला फार लाज वाटली.

बुधवार आला. मावशींनी सवयीने घरटं कचऱ्यात टाकलं, मला लख्ख केलं आणि नव्या पट्ट्या घातल्या. दहा मिनिटांत भाऊ एकमेकांवर तुटून पडले. धाकट्याच्या शेपटीजवळ खोल चावा बसला.

डॉक्टरांनी औषध लावलं. "मावशी, घरट्याला त्यांच्याच पायांचा वास असतो. त्या वासाने ते शांत राहतात. भुसा खुशाल टाका, घरटं तेवढं परत ठेवा. आणखी एकदा जखम झाली तर धाकट्याला ठेवता येणार नाही. एकटा ठेवला तर खंगेल."

ठेवता येणार नाही म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशींनी मान हलवली. पण पुढच्या बुधवारी ते मळकं घरटं हातात घेतलं आणि ते परत ठेवायला त्यांचं मन होईना. "छे, लेकराला असलं घाणेरडं कसं देऊ?" असं पुटपुटत त्यांनी ते टाकून दिलं आणि दुप्पट नव्या पट्ट्या घातल्या. मायेनेच केलं हो त्यांनी. पुन्हा मारामारी झाली आणि धाकट्याचा कान रक्ताने माखला.

मावशी गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण त्या स्वतः उठून डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या. "घरटं मी टाकलं. चूक माझी आहे, त्याची नाही. त्याला शिक्षा नको."

डॉक्टरांनी येऊन धाकट्याच्या कानाला औषध लावलं. मग म्हणाल्या, "आणखी एक बुधवार देते. त्यानंतरच्या शुक्रवारी बघून ठरवू."

त्या बुधवारी मावशींनी मला धुतलं, आणि झोपलेलं मूल उचलावं तसं ते घरटं दोन्ही हातांनी उचलून माझ्यात ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर किळस होतीच, पण हात स्थिर होते. तिघे आले, हुंगलं आणि एकामागून एक आत शिरले. दहा मिनिटं गेली, तास गेला. काहीच घडलं नाही. काहीच न घडण्याचं एवढं नवल मला कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी डॉक्टर आल्या. घरटं वरून पूर्ण बंद होतं, एकही उंदीर दिसेना. त्यांनी छप्पर उचकटायला हात पुढे केला.

"मोडू नका," मावशी म्हणाल्या. "येईल तो. मी थांबते."

मग डॉक्टरही थांबल्या. मांडण्यांवर बाकीचे एकशे नव्व्याण्णव डबे बघायचे राहिले होते आणि त्या दोघी श्वास रोखून एका घरट्यापुढे उभ्या होत्या. कितीतरी वेळाने दारातून एक गुलाबी नाक बाहेर आलं. मागोमाग धाकटा आला. कानावर खपली धरली होती, शेपटीजवळची जखम भरली होती, नवा ओरखडा एकही नव्हता. त्याने बाहेर पडलेली एक पट्टी उचलली आणि आत ओढून घेतली.

"राहू द्या त्याला," डॉक्टर हळूच म्हणाल्या. मावशींनी डोळे पुसले, आणि त्या दिवसापासून दोनशे डब्यांतलं एकही घरटं कचऱ्यात गेलं नाही.

मित्रांनो, जाळी उघडून त्यांना सोडून देणं माझ्या हातात नव्हतं. तुमच्या हातात पुष्कळ आहे. तुमच्याकडे एखादा मुका जीव असेल, तर त्याची जागा झाडण्याआधी त्याने तिथे काय मांडून ठेवलंय ते बघा. त्याला विचारता येत नसेल, तर मावशींसारखं थोडा वेळ नुसतं उभं राहा.