शिवेवरचा दगड

ब्रॅम्पसी हॉल ही हवेली बांधणारा सर अँब्रोज थ्रोसल भलताच हटवादी. आमच्या गावाची शीव जिथून जाते, नेमकं तिथेच त्याने जेवणघर उठवलं. पण गाव त्याच्यावर ताण! दर मे महिन्यात वाळुंजाच्या छड्या घेऊन शीव फिरायची आमची रीत. मध्ये हवेली आली म्हणून वळसा कोण घालणार? पूर्वेच्या खिडकीतून आत शिरायचं, शेकोटीपुढच्या दगडावर छड्या आपटायच्या, पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर पडायचं.

अँब्रोजच्या मुलाने लोकांच्या अंगावर कुत्री सोडली, मेल्याने! नातवाने सगळ्यांना बिअर पाजली आणि स्वतः इतकी प्याला की निम्मी जमीन गेली. शेवटची मिस ऑनोरिया. महायुद्धात जेवणघरात जखमी सैनिक होते, तरी तिने खिडकी उघडी ठेवली. लोक बूट हातात घेऊन खाटांमधून गेले.

शीव ध्यानात राहावी म्हणून एका पोराला उचलून त्या दगडावर बूड आपटायचं. शेवटची आपटलेली मी, हेस्टर. मी भोकाड पसरलं, तेव्हा मिस ऑनोरिया म्हणाली होती, "लागलं ना? मग विसरणार नाहीस."

पुढे पोरं शहरात पांगली. मिस ऑनोरिया शंभरीला टेकून गेली. फ्रिज विकून गबर झालेल्या लेन कॅटरमोलने हवेली घेतली आणि फाटकाला कुलूप ठोकलं. शीव माहीत असलेली मी एकटी उरले होते. माझ्यामागे कोण, या विचाराने जीव तुटायचा.

यंदा मी आणि शेजारचा विल्फ, दोघंच निघालो. मी फाटकावरची घंटा बडवली.

"काय हवंय?" कॅटरमोल आतून आला.

"तुमची खिडकी."

"अगं, जरा गोड बोल," विल्फ म्हणाला. "त्यांना वाटेल, दरोडा पडला."

मी सगळं सांगितलं. तो कुलूप काढू लागला. "वर्ष झालं येऊन. घंटा वाजवलीत ती तुम्हीच पहिली."

"कुलूप बघून कोण येणार?"

"कोणी येत नाही म्हणून तर लावलं, बाई."

विल्फने मला खिडकीतून आत ढकललं. बघते तर दगड गायब! नव्याकोऱ्या फळ्यांची जमीन.

"गाडलात की हो आमचा दगड!"

"पाय गारठायचे म्हणून..." तो ओशाळला. मग पहार घेऊन आला आणि चकचकीत फळ्या उचकटू लागला. दगड वर आला. आम्ही छड्या आपटल्या.

"झालं?"

"एक पोर आपटायचं असतं. ते कुठून आणू?"

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. "मी चालेन का? गावात मीच सगळ्यात नवा."

विल्फ खो खो हसला. मी हसले नाही. आम्ही त्याला काखेत हात घालून उचललं, म्हणजे जेमतेम हललाच, आणि धाडकन दगडावर सोडलं.

"आई गं!"

"लागलं?" मी विचारलं.

"चांगलंच!"

"मग विसरणार नाहीस," मी म्हणाले, आणि माझेच डोळे भरून आले.