एक माठ गारवा

आमच्या एमआरआय मशीनला एका रुग्णासाठी एक माठ गारवा लागतो. पाणी तसंच राहतं, गारवा तेवढा जातो, आणि तो माठ पुन्हा कधी थंड होत नाही. मशीन मी चालवतो, त्यामुळे निम्म्या गावाच्या शिव्या मीच खाल्ल्या आहेत.

पूर्वीचे डॉक्टर शिंक आली तरी तपासणी लिहून द्यायचे. मग डॉक्टर नाफडे मॅडम आल्या. मशीन रिकामं असतानाही गारवा पीत बसायचं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. त्या आधी हातानं तपासतात, डोळे मिटून, सावकाश, आणि बहुतेकांना तेवढ्यावरच औषध देऊन घरी पाठवतात. मला वाटलं होतं, बाई चिक्कू आहे. आता त्या आल्या की मी खुर्चीवरून उठतो.

तरी वैशाखापर्यंत गावात एकच गार माठ उरला, दवाखान्याच्या फाटकाशी असलेल्या पाणपोईचा. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा, अर्धा चेहरा बधिर झाला. मॅडमनी तिचं डोकं बराच वेळ चाचपलं.

"हिला आत घ्यावंच लागेल," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर वाचा जाईल."

मी फाटकाशी गेलो. पाण्यासाठी माणसं उन्हात रांगेत उभी होती. मी माठावर हात ठेवला आणि कुंदाचं सांगितलं.

"ने ना बाप्पा," एक म्हातारी म्हणाली. "आमी कोमट पिऊन घेऊ. पोरगी मोठी का पानी मोठं?" नुकताच भरलेला पेलाही तिनं माझ्या हातात दिला.

माठ मशीनला जोडला. पडद्यावर कुंदाची हनुवटी आली, गाल आला, भुवई आली. तिथं मशीन थांबलं. माठ लहान होता. पेलाभर गारव्यात उरलेलं डोकं भागणार होतं की नाही, कोण जाणे. मला रडू आलं.

"दादा, तहान लागली रे," कुंदा आतून म्हणाली.

मी मॅडमकडे पाहिलं.

"पाज तिला," त्या म्हणाल्या, आणि मशीनचं बटण बंद केलं.

मी आत वाकून कुंदाच्या ओठांना पेला लावला. ती घटाघटा प्याली. मॅडमनी डोळे मिटले आणि दुसऱ्या बाजूनं खांद्यापर्यंत हात आत घातला.

बंद पडद्यावर चित्र पुढे सरकू लागलं. कपाळ आलं, टाळू आली, केसांतला भांगसुद्धा आला. इतकं स्वच्छ चित्र आमच्या मशीननं कधी काढलं नव्हतं.

डाव्या कानामागे मॅडमचं बोट थांबलं.