आठ अंशांच्या आत

लसींच्या कोठाराची सगळी जबाबदारी आक्कांवर होती. सत्तावीस वर्षं त्यांनी वह्या, शिक्के आणि फोनवरची आरडाओरड यांच्या जोरावर चाळीस दवाखान्यांना लस पुरवली. कुठलं खोकं कुठल्या फळीवर, ते तोंडपाठ. पण खोकं गाडीत चढलं की त्यांच्या हातात काही उरत नसे. पुढे देवावर हवाला. सहा वर्षांपूर्वी गाडी वाटेत बंद पडली. लस किती वेळ उन्हात होती, कुणालाच सांगता येईना. तो सगळा माल आक्कांनी स्वतःच्या हातांनी नष्ट केला, आणि दवाखान्यांतून आया लेकरांना घेऊन तशाच परत गेल्या.

म्हणून वरून पाठवलेली संगणकवाली आली, तेव्हा आक्कांनी नाक मुरडलं नाही. पोरगी खुर्ची उबवणारी नव्हतीच. दोन महिने तिनं कानटोपी घालून शीतखोलीत खोकी मोजली, गाडीतून सगळे दवाखाने पालथे घातले, आणि मगच प्रत्येक खोक्यात काड्यापेटीएवढा तापमापक बसवला. गाडी कुठे, आत थंडावा किती, सगळं आक्कांच्या टेबलावरच्या पडद्यावर.

तोंड वाकडं केलं ते कोठाराची गाडी चालवणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं.

"आक्का, सख्ख्या भावावर पाळत?"

"तुझ्यावर नाही रे, खोक्यांवर. तू चहाला कुठे थांबतोस ते मला यंत्राशिवायही कळतं."

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पडद्यावरचा आकडा पाचावरून सहावर गेला. आठाच्या वर गेला की लस बाद, आणि गाडीत नऊशे मुलांची लस. आक्कांनी भावाला फोन लावला.

"गाडी थांबव. मागचं गारव्याचं यंत्र बघ."

"पंखा तर फिरतोय गं." मग जरा वेळानं, पडलेल्या आवाजात, "पण हवा गार नाही."

सगळ्यांत जवळचं कोठार दोन तासांवर. शेजारच्या टेबलावर संगणकवालीची बोटं भराभर चालली होती.

"फुलांचा व्यापारी, बारा मिनिटांवर. त्याची शीतखोली आत्ता चार अंशांवर आहे."

"तुला कसं माहीत?"

"जाऊन भेटले होते. वेळ पडली तर जागा द्याल का, विचारलं. हो म्हणाले, म्हणून त्यांच्या खोलीतही तापमापक बसवून घेतला."

गाडी पोहोचेपर्यंत व्यापाऱ्यानं फुलांच्या बादल्या स्वतः बाहेर काढल्या होत्या. "फुलं तासभर कळ काढतील," तो भावाला म्हणाला, "तुमचं आत घ्या आधी." पडद्यावर आकडा सात पूर्णांक तीनला अडला, घुटमळला आणि उतरू लागला. आक्कांनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

प्रत्येक खोक्याची मिनिटामिनिटाची नोंद पाहून डॉक्टरांनी निर्वाळा दिला: सगळी लस चांगली. दुपारी दुसरी गाडी ती घेऊन दवाखान्यांकडे निघाली. दुसऱ्या दिवशी भावाचा दवाखान्यातून फोन आला. "आक्का, रांग दारापर्यंत होती. एकही बाई परत गेली नाही. आणि त्या पोरीला सांग, मी उगाच बोललो."

आक्का निरोप द्यायला वळल्या, तर संगणकवाली दुसऱ्या रस्त्यावरच्या एका फळवाल्याला फोनवर शीतखोलीसाठी गळ घालत होती आणि तो काही बधत नव्हता.

"आण इकडे," आक्कांनी खुर्ची ओढत फोनसाठी हात पुढे केला. "तुझं यंत्र तू सांभाळ. माणसं मी बघते."