पाठीमागचा समुद्र

"तुमची माणसं त्या बाजूला बसतात," तिकीट फाडता फाडता फाटकावरचा माणूस म्हणाला. बाळाच्या टोपीवर टुबरबॉन गावच्या संघाचा हिरवा गोंडा होता. तो त्याच्या नजरेला पडला असणार.

"ठाऊक आहे," ब्रोना म्हणाली. गोंडा तिनं ओढून काढला, कोटाच्या खिशात कोंबला आणि ती डावीकडे वळली. तिकडे रॉसकराची, म्हणजे समोरच्या संघाच्या गावची, माणसं बसली होती.

हे तिनं आठवडाभर आधीच ठरवून ठेवलं होतं. तिचा नवरा लॉर्कन टुबरबॉनच्या हर्लिंग संघाचा गोलकीपर. गेल्या वर्षी अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला एक साधा, सरपटत आलेला चेंडू त्याच्या हातातल्या रुंद पात्याच्या काठीखालून, हर्लीखालून, निसटला आणि गाव एका गुणानं हरलं. तेव्हा ब्रोना आपल्याच लोकांत बसली होती. पोटात सातवा महिना चालू होता. पुढची मागची माणसं लॉर्कनला काय काय म्हणाली, ते तिला आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवता आलं असतं. सामन्याच्या भरात ही कोण बसली आहे याचं भान कुणाला उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं लॉर्कनला घरी बोलावून बॉयलर दुरुस्त करून घेत होती, चहा पाजत होती, हवापाण्याच्या गप्पा मारत होती. त्याच्या तोंडावर कुणी ब्रही काढला नाही. तोंडावर बोलत नाहीत तीच माणसं खरी धोक्याची, असं ब्रोनाचं मत झालं होतं.

त्यात गावातल्या कुणीतरी इंटरनेटवर निनावी पान चालवायला घेतलं. बाळाला पाजताना एका हातात फोन धरून ती ते वाचत बसे. 'टुबरबॉनच्या गोलला जाळी कशाला हवी? दारच बसवा, लॉर्कन उघडून देईल.' वाचायचं नाही असं रोज ठरवायची आणि रोज वाचायची. लॉर्कनला त्यातलं काही सांगायची नाही. तोही कधी विषय काढत नसे. सगळं मुकाट गिळतो आहे बिचारा, असं तिला वाटे, आणि म्हणून ती आणखी वाचे.

आज उपांत्य सामना होता. आज काही चुकलं तर लॉर्कनला परत गोलात उभं करायचं नाही, असं गावानं मॅनेजर कहालला आडून आडून बजावलं होतं. ब्रोनाला जिंकण्याहरण्याचं फारसं काही नव्हतं. ती मूळची उत्तरेकडची, तिच्या माहेरी हर्लिंग कुणी खेळतही नाही. एवढा एक दिवस लॉर्कनला कुणी फाडून खाऊ नये, आणि त्यानं खेळ सोडलाच तर तो आपल्या मनानं सोडावा, इतकंच तिला हवं होतं. निदान आपल्याला तरी काही ऐकू येऊ नये, म्हणून ती परक्यांत येऊन बसली. परकी माणसं फक्त त्यांच्याच माणसांना शिव्या देतात.

शेजारी सत्तरीचा एक म्हातारा होता. मांडीवर थर्मास, गुडघ्यावर कागदात गुंडाळलेलं सँडविच. सामना सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील तोच त्याचं तोंड सुटलं. रोख खेळाडूंवर नव्हता, रेषेबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या रॉसकराच्या तरुण मॅनेजरवर होता.

"बघा, बघा त्याच्याकडे. घरच्या चार कोंबड्या खुराड्यात घालायला ह्याला अर्धा तास लागतो, आणि पंधरा माणसं हाकायला निघालाय."

"जाऊ दे रे बार्टली," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय जाऊ दे? ती टोपी बघ. आत काही नसलं की माणूस वरून झाकण लावतो."

"मेहनत घेतो रे पोरगा. दिवसभर शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी भर पावसात ह्यांना पळवायचं. तू जाशील का?"

"मला बोलावलं कुणी?"

ब्रोनाला हसू फुटलं. हर्लिंगच्या मैदानावर ती वर्षभरात हसली नव्हती. शिव्या दुसऱ्याच्या माणसाला असल्या की त्यातली गंमत कळते, हे तिच्या ध्यानात आलं. शिवाय रॉसकराची माणसं किती समजूतदार. म्हातारा एक बोलला की चारजण मॅनेजरची बाजू घ्यायला पुढे येत होते. आपल्या गावात असा एक तरी उठतो का?

लॉर्कन लांबच्या गोलात होता. अर्ध्या तासात त्यानं दोन अवघड चेंडू अडवले. दोन्ही वेळा ब्रोनाचा हात बाळाच्या पाठीवर आवळला गेला. म्हाताऱ्यानं ते तिरक्या नजरेनं पाहिलं आणि अर्धं सँडविच तिच्यापुढे धरलं.

"घे पोरी. हॅमचं आहे. आमचा मॅनेजर बघत बसायचं तर पोटात काहीतरी हवं."

"निदान टोपी तरी सरळ घालायची त्यांनी," ब्रोना म्हणाली.

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मागचे मात्र कुणी हसले नाहीत. मध्यंतराची शिट्टी झाली आणि म्हातारा पाय मोकळे करायला उठला, तेव्हा मागच्या बाईनं पुढे वाकून हळूच सांगितलं, "त्याचाच मुलगा आहे तो, ओरन. बापानं बोललेलं चालतं, पण तू बाहेरची दिसतेस."

ब्रोनाचे कान तापले. म्हातारा परत आला तशी ती म्हणाली, "मला माफ करा. मला माहीत नव्हतं."

"कशाबद्दल माफ करू? टोपी वाकडीच आहे." त्यानं झाकणात चहा ओतला. मग आवाज उतरवून म्हणाला, "गोलकीपरची बायको ना तू? तिकडे चेंडू गेला की श्वास घ्यायची थांबतेस."

तिनं बाळाची टोपी कानांवर ओढली.

"पहिल्या वर्षी मीही असाच गप्प बसायचो. चारी बाजूंनी पोराला सोलत होते, मी ऐकत होतो. एकदा डोकं फिरलं आणि सगळ्यांच्या आधी मीच बोललो, सगळ्यांपेक्षा वाईट बोललो. तर काय, सगळे चिडीचूप. बापच बोलतोय म्हटल्यावर लोकांना लाज वाटते. उलट मलाच समजवायला लागतात. तेव्हापासून मी कुणाला संधीच देत नाही."

"ओरनला माहीत आहे, तुम्ही असं का करता ते?"

"हर्लिंगचं आम्ही बोलत नाही. चार वर्षं झाली. रविवारी जेवायला येतो, गाईंचं विचारतो, जातो." त्यानं चहाचा घोट घेतला. "घरात शांतता आहे."

घरात शांतता आहे, हे ब्रोनाला पटलं. बाळाला कडेवर घेऊन ती उठली. उत्तरार्धात बाजू बदलतात. लॉर्कन आता रस्त्याकडच्या गोलात येणार होता. त्या गोलाच्या मागे गवताचा उतार होता, आणि टुबरबॉनची सगळी तिखट तोंडं नेमकी तिथंच उभी असायची.

उतारावर पीटी लाफन सगळ्यांत पुढे होता. पीटी म्हणजे त्यांचा शेजारी. बाळ झालं तेव्हा पहिला केक त्याच्या घरून आला होता. ब्रोनाला बघून त्यानं टोपीला बोट लावलं, बाळाच्या गालाला हात लावला आणि दोन मिनिटांत दोघींना विसरून गेला.

पाचव्या मिनिटाला लॉर्कननं गोलातून आखूड फटका मारला. कहालनं त्यांना हाच खेळ शिकवला होता, लांब टोलवायचा नाही, जवळच्या गड्याला द्यायचा. रॉसकराचा एकजण मध्ये घुसला, चेंडू उचलला आणि आडव्या दांडीवरून सरळ पार करून एक गुण घेतला. पांढऱ्या कोटातल्या पंचानं निशाण हलवलं.

उतार खवळला. "आला, आपला दानशूर आला," पीटी ओरडला. "अरे, लांब मार की, हात भाड्याने आणलेत का?"

दुसरा कुणीतरी तोंड उघडणार, तेवढ्यात ब्रोना बोलली. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं.

"लॉर्कन, गोलात उभा आहेस की बस थांब्यावर?"

उतार एकदम गप्प झाला. पीटीनं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"असं नको गं बोलूस," तो म्हणाला. "आखूड मार असं कहालनंच सांगितलंय त्याला."

"पहिल्या अर्ध्यात दोन अडवले की त्यानं," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन कुठले, तीन."

युक्ती लागू पडली होती. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं अगदी तश्शी. ब्रोनाला हलकं वाटलं, वर्षभराचं एक गाठोडं खाली ठेवल्यासारखं. तिनं हसून मैदानाकडे पाहिलं, तर लॉर्कन मागे वळला होता.

सोळा वर्षं तो त्या गोलात उभा राहत आला होता आणि सामना चालू असताना तो कधी मागे वळून बघत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आता हर्ली गुडघ्याशी टेकवून तो उतारावरचे चेहरे एकेक करून बघत होता. ती सापडली तिथं थांबला. मग पुढे वळला.

सामना टुबरबॉननं चार गुणांनी घालवला. लॉर्कनची त्यात काही चूक नव्हती. उतारावरून त्याच्याविरुद्ध नंतर एक शब्द आला नाही. "शाबास, लॉर्कन," असं पीटी दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा लॉर्कनची मान थोडी मागे वळली.

सामन्यानंतर ते गाडीनं घरी निघाले. बाळ मागे झोपलं होतं. पूल ओलांडल्यावर लॉर्कन म्हणाला, "ती तू होतीस."

"सांगते. नीट ऐकून घे." आणि तिनं सगळं सांगितलं. रॉसकराची बाजू, म्हातारा, कोंबड्या, टोपी, लोकांना वाटणारी लाज. लॉर्कननं मध्ये तोडलं नाही. तिचं संपल्यावर म्हणाला, "बरी आहे युक्ती."

"मला सहनच होत नाही लॉर्कन. वर्षानुवर्षं तू ऐकतोस, गप्प राहतोस. माझा जीव तुटतो."

"काय ऐकतो?"

"ते जे बोलतात ते. मागून."

समोर ट्रॅक्टर होता. लॉर्कन त्याच्या मागे मागे गाडी हळू चालवत राहिला.

"मला कधी काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "खरंच सांगतो. गोलात उभं राहिलं की पाठीमागे समुद्र असल्यासारखं वाटतं. गाज असते. ती काय म्हणते म्हणून कुणी कान देतं का? मला तर ती आवडायची."

"गेल्या वर्षीसुद्धा?"

"गेल्या वर्षी काय बोलले?"

तिला सांगता आलं नाही. सगळं पाठ होतं, तरी.

"आज कसं ऐकू आलं मग?" तिनं विचारलं.

"तुझा आवाज होता ना." ट्रॅक्टर डावीकडच्या शेतात वळला, रस्ता मोकळा झाला, तरी त्यानं वेग वाढवला नाही. "आणि तुझा ऐकला, तसे मग बाकीचेही ऐकू यायला लागले. पीटीचा. कुणीतरी चिप्स मागत होतं तेसुद्धा."

"मी नव्हतं ओरडायला पाहिजे."

"बोललीस ते बरोबरच होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

गावानं कहालला ठेवलं आणि कहालनं लॉर्कनला. निनावी पानावर त्याच्याबद्दल काही येईनासं झालं. उलट एकानं लिहिलं की घरचेच बोलतात तिथं बाहेरच्यांनी कशाला बोलावं. ब्रोनानं ते वाचलं आणि पुन्हा ते पान कधी उघडलं नाही.

मार्चमध्ये लीगचा पहिला सामना गावच्या मैदानावर झाला. थंडी होती. कुंपणाशी तीसचाळीस माणसं, कुणी गाडीतच बसून बघत होतं. ब्रोना एकटी गोलाच्या तिरक्या बाजूला उभी होती. त्यांची लेक साइव आता उभी राहायला शिकली होती, आईचा कोट धरून चिखलात पाय आपटत होती. ब्रोना ओठ मिटून होती. खोकला आला तोही तिनं मफलरमध्ये दाबला.

खेळ पलीकडच्या टोकाला चालला होता. तेवढ्यात मागच्या शेतातून कुणी शेतकरी आपल्या कुत्र्याला हाक मारायला लागला. "शेप. ए शेप. इकडे ये."

लॉर्कननं मागे वळून पाहिलं.

कुत्रा कुंपणाखालून निघून मालकाकडे पळाला. लॉर्कन पुन्हा समोर बघू लागला. चेंडू अजून लांबच होता; काही बिघडलं नाही.