मागच्या डिस्कवरचा ठसा

आत्याच्या ब्रेक-क्लचच्या कार्यशाळेत खिडकीलगत एक लांब लोखंडी टेबल होते. त्या शनिवारी सकाळी त्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तीन जातींच्या डिस्क ओळीने मांडल्या होत्या: भोके पाडलेली, चिरा कोरलेली आणि अगदी साधी. त्यांच्यासमोर चिंगी हात मागे बांधून उभी होती. चिंगी हे घरातले नाव. बंदरावर ती सोळा वर्षे उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून जहाजांतले कंटेनर उतरवीत आली होती, आणि तिथे तिच्याशी बोलण्यापूर्वी माणसे घसा साफ करीत.

तिची आणि थोरल्या भावाची मिळून एक दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार होती. महिन्यातून एका रविवारी दोघे ती ट्रॅकवर नेत. सारा आठवडा इंचाइंचाने हालचाल करणाऱ्या चिंगीला तो एक दिवस श्वासासारखा हवा असे. परंतु वर्षभरापासून त्या गाडीला एक विलक्षण व्याधी जडली होती. सकाळच्या फेऱ्यांत ब्रेक लोण्यासारखे लागत. जेवणानंतर मात्र वेग आवरू जावे, तो सारी गाडी हिवताप भरल्यागत थरथरे. चारही डिस्क दोनदा बदलल्या, त्यांना आवळणारे पॅड बदलले, गुण आला नाही. मागल्या खेपेला त्या थरथरीने दचकून तिचा पाय पेडलवरून क्षणभर सुटला आणि गाडी वळण सोडून खडीत शिरली. शेजारी दादा बसला होता. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "आता आणखी एकदा थरथरली, की विकायची. मला बहीण हवी आहे, गाडी नको."

ट्रॅकचा पुढचा रविवार उद्यावर आला होता.

"भोकांची घेऊ ना आत्या? दिसते बघ कशी, नुसती दागिन्यासारखी."

"दागिना हवा तर सोनाराकडे जा," आत्या चष्मा कपाळावर सारीत म्हणाली. "तापून तापून त्या भोकांपाशी तडे जातात. हा धंदा करते मी, प्रदर्शन नाही मांडलेलं."

"मग शर्यतीचे कडक पॅड तरी दे. सगळ्यात कडक."

"आणि घरून ट्रॅकपर्यंत गाडी डोक्यावर घेऊन जाशील? ते पॅड तापल्याशिवाय धरतच नाहीत. पहिल्याच सिग्नलला पुढच्याच्या डिकीत जाऊन बसशील."

साठी ओलांडलेल्या आत्याची रीत अशी, की ती वस्तूला प्रश्न विचारी आणि उत्तर येईपर्यंत निवांत थांबे. महिन्यापूर्वी तिने गाडीच्या डिस्कच्या कडेवर हिरवा, केशरी आणि लाल असे रंगाचे तीन पट्टे ओढून दिले होते. ठरलेली उष्णता गाठली की तो तो रंग पांढरा पडे. आता गाडी उचलून, चाके उतरवून ती पुढल्या डिस्कपाशी एखादी पोथी उघडावी तशा आदराने बसली. हिरवा गेला होता, केशरी गेला होता, लाल जसाच्या तसा होता.

"म्हणजे मधल्या ताकदीचे पॅड पुरे. डिस्क साधीच, पण जाड, आतून हवा खेळणारी. पुढे-मागे एकाच जातीचे पॅड घालू, म्हणजे तोल राहील. झालं तुझं खरेदीचं."

"पण थरथरीचं काय?"

"तेच विचारते. थरथर स्टिअरिंगला लागते की सीटला?"

चिंगीने डोळे मिटून आठवले. "सीटला. कमरेत. स्टिअरिंग शांत असतं."

"अगं, पुढची चाकं स्टिअरिंगला कळवतात, मागची सीटला. मग हे आधी नाही का सांगायचंस?" आत्या उठून मागच्या चाकाकडे गेली. विजेरी तिरपी धरून तिने डिस्क हळूहळू फिरवली, आणि एके ठिकाणी थांबवली. लखलखत्या लोखंडावर करड्या रंगाचा एक पुसट ठसा होता. आकार नेमका पॅडचा. दुसऱ्या बाजूच्या डिस्कवरही तसाच.

"तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिला, तर त्याचा मसाला असा चिकटतो. मग प्रत्येक फेऱ्यात तेवढी जागा पॅडला ठेच देते. पण दाबून ठेवतं कोण? जा, गाडीत बस. ट्रॅकवरून आत येतेस, ते करून दाखव मला."

"उचललेल्या गाडीत?"

"ती कुठे पळून जात नाही."

चिंगी हसत चढली. तिने कल्पनेतले शेवटचे वळण घेतले, गिअर उतरवले, गाडी थांबवली, इंजिन बंद केले. "झालं. उतरले."

"हा हात काय करतोय?"

चिंगीने खाली पाहिले. तिचा हात हँडब्रेकवर होता आणि हँडब्रेक पुरता ओढलेला होता. "मी नाही ओढला," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"मग मी ओढला असेन इथून."

ब्रेक लावल्याविना केबिन सोडायची नाही, हा क्रेनवरचा पहिला धडा. सोळा वर्षांत तो हातात असा मुरला होता, की मनाला विचारण्याची त्याला गरजच उरली नव्हती. ट्रॅकवरून येताच ती हँडब्रेकने मागचे पॅड निखाऱ्यासारख्या डिस्कवर आवळून निर्धास्तपणे जेवायला जात होती.

"मी काळजी घेते म्हणून बिघडत होतं?"

"काळजीच घेत होतीस, बाई. फक्त गार झाल्यावर घ्यायची."

दुपारपर्यंत नव्या डिस्क आणि पॅड बसले. संध्याकाळच्या आत चिंगीने मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. वेग वाढवावा, ब्रेक दाबावा, पण पूर्ण थांबू नये, असे वीसदा करून तिने नव्या डिस्क-पॅडची एकमेकांशी ओळख घडवली.

रविवारी सकाळच्या फेऱ्या नेहमीप्रमाणे निर्विघ्न झाल्या. शेवटची फेरी तिने ब्रेक न लावता, गार करीत घेतली. सपाट जागी गाडी थांबताच हात हँडब्रेककडे उठला. चिंगीने तो दुसऱ्या हाताने धरला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. सोबत आलेल्या आत्याने टायरखाली लाकडी पाचर सरकवली. जेवताना चिंगी तीनदा उठून गाडी पाहून आली.

"बस गं, ती निघून गेली तर हाक मारेल," दादा म्हणाला. पण जेवण त्यालाही गेले नव्हते. दुपारी चालवायला तोच बसला. "मला स्वतःला कळू दे."

कठड्यापाशी दोघी उभ्या राहिल्या. लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी दरवेळी ब्रेकचा दिवा उजळे, आणि दरवेळी चिंगीची बोटे कठड्यावर आवळत. दादाने चार फेऱ्या घेतल्या, मग आणखी चार. तो परतला आणि बसल्याबसल्याच त्याने शिरस्त्राण काढले.

"सीट?" चिंगीने विचारले.

"गप्प आहे." त्याने घाम पुसला. "विकायचं नाव नाही काढत आता. पण आत्या, त्या तिसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढते. का ओढत असेल?"

"कळेल. आधी गार होऊ दे," आत्या म्हणाली, आणि तिघेही डाव्या चाकाभोवती उकिडवे बसले.