वरच्या फळीवरचे पिंजरे

धाकटीने जीवशास्त्र घेतलं ते प्राण्यांच्या वेडापायी, आणि प्राण्यांनीच तिला त्यांच्या खोलीतून बाहेर काढलं. पदवीनंतर एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळण्याचं, त्यांची वजनं घेण्याचं काम मिळालं, तेव्हा ती हरखून गेली होती. पण वर्षभरात डोळे सुजायला लागले, शिंकांनी जीव नकोसा झाला आणि एके दिवशी श्वासच कोंडला. डॉक्टरांनी सांगितलं, उंदरांची ॲलर्जी आहे, पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आईने हाय खाल्ली. थोरल्या बहिणीने मात्र उंदरांनीच मांजरीला पळवून लावलं म्हणून चिडवलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला काढलं नाही. आकड्यांचं काम करणारं कुणीतरी त्यांना हवंच होतं. धाकटीला गणिताचं वावडं. पण अडला हरी म्हणतात तशी गत. तिने संख्याशास्त्राचा श्रीगणेशा केला, चुकतमाकत प्रोग्राम लिहायला शिकली आणि दोनेक वर्षांत तिचा हात बसला.

मग वजन उतरवणाऱ्या एका औषधावर बाईंचा प्रयोग झाला. ते दिलेले उंदीर खरोखरच बारीक झाले होते. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. धाकटीने आता फक्त आलेख काढून द्यायचे होते.

काढताना तिला एक गोष्ट खटकली. औषध न दिलेल्यांतही चारसहा उंदीर तसेच रोडावले होते. अपवाद म्हणून सोडून देता आले असते. तिने नोंदींमध्ये पिंजऱ्यांच्या जागा पाहिल्या, तर ते सगळे वरच्या फळीवरचे, दिव्याच्या अगदी खालचे. उंदीर अंधारात हिंडणारा प्राणी. भगभगीत उजेडात तो अंग चोरून बसतो, धड खात नाही. हे तिने स्वतः पाहिलेलं होतं. तिने उंदरांची देखभाल करणाऱ्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, औषधाचे पिंजरे बहुतेक वरच आहेत, सरमिसळ नको म्हणून एकत्र ठेवले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुठे ठेवायचे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ती बाईंच्या खोलीत गेली. पडत्या काळात ज्यांनी हात दिला, त्यांच्याच आनंदावर विरजण घालायचं होतं. तिने सगळं सांगितलं. बाईंनी आलेख पुन्हा उघडून पाहिला.

"म्हणजे औषधाला गुण नाही?"

"तसं नाही म्हणत मी, बाई. गुण औषधाचा की उजेडाचा, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही."

"डोंगर पोखरून उंदीर काढलास म्हणायचं," बाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

प्रयोग पुन्हा झाला, या वेळी पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. औषधाचा परिणाम दिसला, पण अगदी नावापुरता. त्यानंतर बाई तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. धाकटीने घरी दुसऱ्या नोकरीचा विषय काढला.

"खोटं बोलली नाहीस ना?" आई म्हणाली. "मग त्यांचा राग निवळू दे आधी."

निवळायला बरेच दिवस गेले. मग एका सकाळी बाई स्वतःच तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. नवा प्रयोग सुरू करायचा होता.

"किती उंदीर लागतील, कसे वाटायचे, ते तू ठरव. मग मी मागवते."

धाकटी म्हणाली, विचार करायला आठवडाभर तरी लागेल.

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि दोघींसाठी चहा मागवला.