केतकीचं लग्न लावलं कोणी?

मिठाला गंध नसतो. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या पुस्तकाचं नावच 'मीठगंधा' आहे आणि माझं डोकं तिथूनच फिरलं. वास येतो तो मिठाच्या आगरातल्या चिखलाचा. तो अंगाला लागला की दोन आंघोळी केल्या तरी जात नाही. त्याला कुणाला गंध म्हणायचा असेल तर त्यानं एक उन्हाळा आमच्या आगरात काढावा, मग म्हणावा.

मी गोदूबाई. पेणच्या खाडीकडं आमचं गाव आहे आणि गावची धवलारीण मी. म्हणजे आम्हा आगऱ्यांची लग्नं मी लावते. मांडवापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत जे काही करायचं असतं ते धवलारीण करते, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन करते. हल्ली अक्षतांच्या वेळी भटजीही असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला माझ्या सासूनं शिकवलं, सोनूबाईनं. तिला तिच्या आत्यानं. कागदावर एक अक्षर नाही, सगळं तोंडी. चाळीस वर्षं हे करते आहे. पेणपासून उरणपर्यंत कुठंही एसटीतून उतरले तर कुणीतरी बाई पुढं होऊन माझ्या हातातली पिशवी घेते आणि म्हणते, आये, माझं लगीन तुम्हीच लावलंत.

आणि माझ्या सख्ख्या नातीनं मला तोंडावर सांगितलं, की राजांच्या काळात बाया लग्न लावत नव्हत्या. का, तर पुस्तकात तसं नाही.

नात म्हणजे प्राप्ती, माझ्या दत्ताची मुलगी. बेलापूरला नोकरी करते. दत्ताचे ट्रेलर चालतात बंदरावर, घरात काही कमी नाही. कमी आहे ती एकच, प्राप्तीची आई. विनिता जाऊन तीन वर्षं झाली. धवले दोघींनी धरायचे असतात, एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं उचलायची. माझ्या जोडीला वीस वर्षं विनिता बसली. माझा श्वास कुठं तुटणार हे तिला माझ्याआधी कळायचं.

तर प्राप्तीचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात ते पुस्तक घरात आलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ओटीवर जवळा निवडत बसायची आणि ती मला वाचून दाखवायची. आगऱ्याची मुलगी केतकी आणि राजांच्या आरमारातला सरदार रणधीर, दोघांचं प्रेम. प्राप्ती म्हणाली, मी चार ठिकाणी रडले. मी म्हटलं वाच, बघू कुठं ते.

पहिल्याच पानावर केतकी श्रावणसरींत मीठ ओढत होती.

"थांब," मी म्हटलं. "श्रावणात मीठ कुठलं? श्रावणात आगरात गुडघाभर पाणी असतं."

"आजी, कादंबरी हाय ती."

"मग कादंबरीत पाऊस खारा पडतो काय?"

ती हसली आणि पुढं वाचू लागली. केतकीच्या पायात चांदीचे पैंजण, पाय कमळासारखे मऊ. माझ्या सासूच्या टाचांना अशा भेगा होत्या की भाताचा दाणा अडकून राहायचा. मग सरदार आला, तो घोड्यावरून, आगराच्या बांधावरून दौडत. अरे, मातीचा बांध तो. घोडा दौडला असता तर बांध फुटून भरतीचं पाणी आत आलं असतं, आणि केतकीच्या बापानं सरदाराला आधी लगामानं बांधून ठेवलं असतं. प्रेमबीम नंतर.

पण खोटं कशाला बोलू. तिचा बाप खाडीत बुडाला तिथं माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. प्राप्ती थांबली तर मीच म्हटलं, वाच गं पुढं. त्या लिहिणारीच्या हातात काहीतरी होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग आलं लग्नाचं प्रकरण. अठरा पानं. पालखी, तुताऱ्या, मशाली. काशीहून आलेले शास्त्री, संस्कृत मंत्र, सात पावलं. मी सुपातला जवळा तसाच ठेवला.

"धवलारीण कुठं हाय?"

"कुठली?"

"केतकीचं लगीन लावलं कोणी? आगऱ्याच्या पोरीचं लगीन, आगऱ्याच्या अंगणात. धवलारीण कुठं गेली?"

तेव्हा ती ते बोलली. "आजी, बायांनी लग्न लावायचं हे नंतर कधीतरी सुरू झालं असेल. त्या काळात खरे विधी होते. लिहिणाऱ्या बाईनं सात वर्षं अभ्यास केलाय, मागं पुस्तकांची यादी हाय बघ."

खरे विधी. मी उठले आणि आत गेले.

पुढं कळलं ते असं, की लग्नच त्या पुस्तकासारखं करायचं ठरलं होतं. विनेश नावाचा एक माणूस घरी आला, लग्नांची सजावट वगैरे करणारा. त्यानं फोनवर चित्रं दाखवली. पालखी, तुताऱ्या, मशाली, सगळं अठरा पानांतलं. मंत्र म्हणायला पुण्याहून एक गुरुजी येणार होते, त्यांचा आवाज माईकवर छान लागतो म्हणे. मी कुठं, तर पहिल्या रांगेत सोफ्यावर, नऊवारी नेसून.

"आये, पाव्हणे मोठमोठे येतील," दत्ता माझ्याकडं न बघता म्हणाला. "तू हळदीला म्हण की दोन ओळी. डीजे तेवढा वेळ बंद ठेवू."

दोन ओळी. माझ्याच घरात मला भीक घातल्यासारखं.

अपमान मी गिळला असता. अवघं आयुष्य गेलंय ते गिळण्यात. पण मला भीती वेगळीच होती. लग्नाच्या सुरुवातीला धवलारीण मांडवात देव बोलावते, आणि देवांच्या मागून घरातली गेलेली माणसं. एकेकाचं नाव घेऊन, कुठं असाल तिथून या म्हणून. ज्याचं नाव घेतलं नाही तो येत नाही. शास्त्रीबुवांचे मंत्र चांगलेच असतील, पण त्यांना काय माहीत आमची विनिता कोण ते. मी बसले नाही तर लेकीच्या लग्नाला आईला आवतण जाणार नव्हतं.

मी प्राप्तीला तसं सरळ विचारलं. "तुझ्या आईला कोण बोलावणार?"

"आईचा मोठा फोटो लावणार हाय आम्ही स्टेजवर. फुलांची चौकट करून."

"फोटो येत न्हाय गं बाय. फोटो आणून ठेवायला लागतो."

ती उठली. फोन हातात घेऊन वर गेली.

त्याच आठवड्यात पेणच्या एका वाचनालयात त्या लेखिकेचं भाषण होतं. सोनल नाव तिचं, ठाण्याची. प्राप्तीला पुस्तकावर सही हवी होती. मी म्हटलं, मी पण येते. दत्तानं माझ्याकडं संशयानं बघितलं, आणि बरोबर बघितलं.

चाळिशीची बाई, साधी सुती साडी, बोलायला गोड. इतिहास जिवंत करायचा, वाचकाला तो खरा वाटला पाहिजे, असं काय काय बोलली. लोक माना डोलवत होते. मग म्हणाली, कुणाला प्रश्न असतील तर विचारा. प्राप्तीनं माझा पदर धरला. मी सोडवला आणि उभी राहिले.

"तुमच्या केतकीचं लगीन लावलं कोणी?"

"काशीच्या शास्त्र्यांनी, आजी."

"आगऱ्याच्या घरात? धवलारीण कुठं होती?"

बाई समोरचं पाणी उचलून प्यायली. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला माहीत नव्हतं. मग मी तिला माफ केलं असतं. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही.

"होती," ती म्हणाली. "पहिल्यांदा लिहिलं तेव्हा होती. मी तीन दिवस एका धवलारणीकडं राहून ऐकलं होतं सगळं. पण छापण्याआधी आठ-दहा जणांना वाचायला दिलं, तर सगळ्यांनी तेवढंच प्रकरण खोटं वाटतं म्हणून सांगितलं. त्या काळात बाई लग्न लावते हे पटत नाही, आजच्या विचारांचं ओढून आणलंय असं वाटतं. एका पात्रापायी वाचकाचा सगळ्या पुस्तकावरचा विश्वास उडाला असता. म्हणून काढली."

म्हणून काढली. भाजीतली अळी काढतात तशी.

माझ्या पुढच्या खुर्चीवरची एक बाई मागं वळून म्हणाली, "खरं सांगू का, मलाही नसतं पटलं."

"तुम्हाला बांधावरून घोडा पळाला ते पटलं?" मी तिला विचारलं. "श्रावणात मीठ पिकलं ते पटलं? आगरात पैंजण घालून नाचली ती, ते पण पटलं. आणि बाईनं लगीन लावलं एवढंच तुमच्या घशात अडकलं. मी उभी हाय तुमच्यापुढं. चाळीस वर्षं लावतेय."

मागं कुणीतरी हसलं. सोनल हसली नाही. ती उठून माझ्या खुर्चीपर्यंत आली. "चुकलं माझं, आजी. पुढच्या आवृत्तीत घालते तिला परत. तुमचा नंबर द्याल?"

"पुढच्या आवृत्तीपर्यंत माझ्या नातीचं लगीन थांबत न्हाय," मी म्हटलं आणि चालू लागले.

बाई मनानं वाईट नव्हती, हे मलाही कळत होतं. म्हणूनच अंगाची आग होत होती. वाईट माणसाला चार शिव्या घालून मोकळं होता येतं.

पण खरा संताप पुढं होता. गाडीत बसल्या बसल्या प्राप्ती माझ्या गळ्यात पडली. "आजी, म्हणजे खरंच होतं हे. तेव्हापासून हाय. तूच लाव माझं लग्न. विनेशला आत्ताच मेसेज करते, असं कुणीच केलेलं नसेल."

मी तिचा हात गळ्यातून काढला.

"तू रांगायची तेव्हापासून मांडवात माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस. तुझ्या आईबापाचं लगीन मी लावलं. सोनूबाईची आत्या लावायची, तिच्या आधीची लावायची, हे तुला किती वेळा सांगितलं. तेव्हा काय कानात बोळे होते? मी सांगितलं ते खोटं, आणि माईकवरून त्या बाईनं सांगितलं की लगेच खरं?"

"तसं न्हाय आजी."

"तसंच हाय. मी न्हाय लावणार. तुझ्या शास्त्र्याला सांग."

आणि मी खरंच तसं ठरवलं होतं. दत्ता दोनदा येऊन गेला, तोंड पाडून. प्राप्ती दारात येऊन उभी राहायची आणि निघून जायची. मी ढिम्म. मग एका सकाळी पत्रिका पालीला बल्लाळेश्वरापुढं ठेवायला निघाली. ती हातात घेतली तर आत विनिताचं नाव, मागं कै. लावून. मी बघत बसले. रुसायचा हक्क माझा होता, पण त्याचा भुर्दंड विनितानं का भरायचा? मी दत्ताला म्हटलं, येते, देव बोलवायला. राग गेला असं कुणी समजू नये. राग घेऊनच गेले.

लग्न हायवेवरच्या लॉनवर, सकाळी अकराचं. विनेशनं कागद दाखवला, त्यात मला सात मिनिटं होती. 'लोकपरंपरा' असं वर लिहिलेलं. माझ्याआधी एका मुलीनं माईकवर मी कोण ते सांगितलं, संग्रहालयातलं भांडं दाखवतात तसं. जोडीला मी गावातल्या रंगूला घेतलं होतं. प्राप्ती समोर चौरंगावर बसली होती. फोटोवाल्यानं सांगितलं होतं म्हणून हनुवटी वर करून कॅमेऱ्याकडं बघत होती.

मी सुरू केलं. बल्लाळेश्वराला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, गावदेवीला, खाडीला. पाहुणे फोन वर करून शूटिंग घेत होते. मग घरचे. सासरे विठोबा, सासू सोनूबाई. विनेश स्टेजखाली दोन बोटं दाखवत उभा, मग एक बोट. मी डोळे मिटले आणि विनिताला हाक घातली. तिचं नाव, तिच्या माहेरचं गाव. हातातलं काम ठेव, हात धू, लेकीच्या मांडवात ये. ओळ सोडली तेव्हा माझा श्वास तुटला. रंगूला ते कळलं नाही, ओळ तशीच राहिली.

डोळे उघडले तर प्राप्ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. मान वळवून लॉनच्या फाटकाकडं बघत होती, जिथून पाहुणे आत येतात तिकडं. विनेशनं माईक घ्यायला हात पुढं केला.

"आजी," ती म्हणाली, "परत बोलव तिला."

मी परत बोलावलं. गुरुजी घड्याळ बघत होते, दत्ता पाठ फिरवून उभा होता. प्राप्तीची नजर फाटकावरून हलली नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली, आणि मी बोलावलं.